दिवाणाच्या पोटात

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याला बदलापूरच्या नव्या घराचा ताबा मिळाला. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. घराच्या किमतीत, मुद्रांक शुल्कात आणि नोंदणीत सगळी पुंजी गेलेली. घर लावायला म्हणून हाती उरले होते दीड लाख रुपये. मिस्त्री आले, कानावरची पेन्सिल काढून त्यांनी प्लायच्या एका तुकड्यावर यादी मांडायला घेतली : किचनच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्हीचे युनिट, सोफा, डबल बेड. बेरीज सव्वातीन लाखांवर गेली. मग एकेक ओळ खोडली जाऊ लागली. ट्रॉल्यांऐवजी कडाप्प्याचे कप्पे तसेच राहू द्यायचे ठरले, युनिटऐवजी भिंतीवर एक फळी, डबल बेड 'पुढच्या दिवाळीला'. सोफ्यापाशी मात्र गाडी अडली. पाहुणे बसणार कुठे आणि ताई, म्हणजे त्याची आई, राहायला आली की झोपणार कुठे, हे दोन्ही प्रश्न हॉलच्या एकाच भिंतीला येऊन टेकत होते. मिस्त्रींनी खोडलेल्या सोफ्याशेजारी लिहिले, 'दिवाण ६ × २॥, खाली बॉक्स', आणि म्हणाले, "बसायचं होतं, झोपायचं होतं, वर घरातला सगळा पसारा पोटात जातो." भाचेसून हसली. "मामा, दिवाण म्हणजे राजाचा प्रधान ना? मग तो आमच्या हॉलमध्ये कसा आला?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याच्या उत्तरासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागते, इतके मागे, की तिथे ना लाकूड आहे ना कापूस, नुसती माती आहे.

आजच्या इराकच्या दक्षिणेला, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, सुमेरी कारकून ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने धान्याचे, मेंढरांचे आणि मजुरीचे हिशेब उमटवीत. अशा पाटीला सुमेरी भाषेत 'दुब' म्हणत. सुमेरी लोक गेले, पण त्यांच्या पाट्या आणि पाटीचे नाव शेजाऱ्यांनी उचलले. अक्कदी भाषेत त्याचे 'तुप्पु' झाले, एलामी लोकांकडून ते इराणात पोहोचले आणि जुन्या फारसीत 'दिपि' होऊन बसले. दिपि म्हणजे लेख. सम्राट पहिला दारयवहु याने इ. स. पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर आपला पराक्रम कोरून घेतला, त्यात हा शब्द आहे. पुढे अडीचशे वर्षांनी अशोकाने आपली धर्माज्ञा गिरनारच्या खडकावर कोरवली तेव्हा तिला 'धम्मलिपि' म्हटले. पण वायव्य सरहद्दीवरच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या लेखांत, जिथे इराणी वळण मुरलेले होते, तिथे 'लिपि'च्या जागी चक्क 'दिपि' आहे. म्हणजे आपण ज्या लिपीत हे वाचतो आहोत तिचे नाव आणि मिस्त्रींचा दिवाण ही दूरची भावंडे ठरतात. (नालासोपाऱ्याला, जिथे आज कमी पैशात घर शोधणारी निम्मी मुंबई जाऊन पोहोचते, तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. घराच्या शोधात निघालेल्यांना तो सहसा कोणी दाखवत नाही.)

लेख असले की ते ठेवायला जागा लागते. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'दिपि'ला घर या अर्थाचा शब्द जोडून जो समास झाला, तोच झिजत झिजत मध्ययुगीन फारसीत 'देवान' झाला. लेखांचे घर, म्हणजे दप्तरखाना. हे आपण नीट लक्षात ठेवू, कारण या वस्तूचा पुढचा सगळा प्रवास मला त्याच अर्थाभोवती घुटमळताना दिसतो. दिवाणावर लोक बसू लागले ते फार नंतर. आधी त्यात काहीतरी ठेवलेले असे. इराणच्या सासानी राजवटीत लेख सांभाळणाऱ्याला 'दबीर' म्हणत, तेही याच 'दिपि'चे लेकरू. अरबांनी इराण जिंकला तेव्हा जिंकलेल्या मुलखाचा पैसा कोणाला किती द्यायचा हा प्रश्न उभा राहिला, आणि खलिफा उमर यांनी हिजरी सन २०, म्हणजे इ. स. ६४१ च्या सुमारास, सैनिकांची आणि त्यांच्या नेमणुकांची नोंदवही सुरू केली. तिचे नाव 'दीवान'. नोंदवही, मग ती ठेवण्याची कचेरी, मग त्या कचेरीतला अधिकारी, असा अर्थ पसरत गेला. कवींनीही आपल्या कवितांची वही याच नावाने ओळखली जावी असा हट्ट धरला, म्हणून हाफिजचा दीवान आणि गालिबचा दीवान. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने या शब्दाची एक गमतीदार कुळकथा नोंदवली आहे. इराणचा बादशहा एकदा कचेरीत डोकावला, तर सगळे कारकून स्वतःशीच पुटपुटत आकडेमोड करत बसलेले. तो म्हणाला, हे तर 'दीवाने' आहेत, वेडे! व्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकत नाही. पण नव्या घराच्या खर्चाची बेरीज करणाऱ्या नवरा-बायकोला रात्री अकरा वाजता ज्याने पाहिले आहे, त्याला ती खोटीही म्हणवत नाही.

मराठी मुलखात हा शब्द दख्खनच्या सुलतानांबरोबर आला आणि कागदोपत्री इतका रुजला, की सतराव्या शतकातल्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, 'दिवाण' म्हणजे थेट सरकार. गावचे तंटे गोतसभेपुढे जात, नाहीतर दिवाणात. 'दबीर' आपल्याकडे 'डबीर' होऊन शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी होणारा पत्रव्यवहार पाहू लागला; १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे दिली गेली तेव्हा डबीराचे सुमंत झाले. रघुनाथपंडितांचा राजव्यवहारकोश याच खटपटीतला. पदे बदलली, पण डबीर हे आडनाव आजही आपल्यात आहे. १२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहा शाह आलमने बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली, १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी अदालती उभ्या केल्या, आणि जमीनजुमल्याच्या दाव्याला 'दिवाणी' म्हणण्याची जी सवय लागली ती सुटलेली नाही. वाड्यात मालक जिथे लोकांना भेटे, कारकुनांकडून कागद ऐके, ती जागा दिवाणखाना. नाना फडणीसांनी तर घरालाच दप्तराचे रूप दिले होते. वाईजवळ मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात कागदांचे मोठे भांडार सापडले, ते मेणवली दप्तर म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. हे कागद कशात असत? रुमालात. चौकोनी फडक्यात बांधलेले गठ्ठे, त्यांनाच रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात संशोधक आजही रुमाल सोडतो आणि पुन्हा बांधतो.

आता आपल्याला जरा पश्चिमेकडे वळले पाहिजे, कारण कागदाच्या घराचे आसन तिकडे झाले. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी सुलतानाच्या मंत्र्यांची सभा भरे. तिचे नाव 'दिवान-ए-हुमायून', आणि जागा घुमटाखालचे एक दालन. भिंतींना लागून तीन बाजूंनी ठेंगणी, गाद्या घातलेली आसने. त्यांवर वजीर बसत. सुलतान स्वतः येत नसे. वरच्या जाळीच्या खिडकीआड तो बसला आहे की नाही हे खाली कोणालाच कळत नसे, त्यामुळे सगळे जपून बोलत. युरोपातून आलेल्या वकिलांना आणि प्रवाशांना सभेतले बोलणे समजत नव्हते, आसन मात्र दिसत होते. त्यांनी सभेचे नाव आसनाला देऊन टाकले. अठराव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडात 'डिव्हान' म्हणजे भिंतीलगतची, पाठ नसलेली, उशांनी सजवलेली बैठक असा अर्थ पक्का झाला. गैरसमजातून जन्मलेली इतकी टिकाऊ वस्तू दुसरी आठवत नाही. त्याच सुमारास सोफ्यानेही असाच प्रवास केला. अरबीत 'सुफ्फा' म्हणजे ओटा. मदिनेच्या मशिदीत अशाच एका आडोशाच्या ओट्यावर घरदार नसलेले अनुयायी राहत, त्यांना 'अहल-ए-सुफ्फा' म्हणत. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज वकिलाच्या पत्नीने १७१७ मध्ये तुर्कस्तानातल्या घरांचे वर्णन करताना भिंतीलगतच्या रेशमी गाद्यांच्या 'सोफ्या'विषयी लिहिले. आपल्या जुन्या घरांतला 'सोपा' याच सुफ्फ्याशी जोडला जातो. म्हणजे बेघरांचा ओटा युरोपात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेला, आणि कोकणा-देशावर मात्र ओटाच राहिला. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १८२८ मध्ये 'ग्रँड सिगार डिव्हान' उघडला; तिथे लोक बैठकीवर रेलून सिगार ओढत आणि बुद्धिबळ खेळत. १८५१ मधला अँडरसन आणि किझेरिट्स्की यांचा डाव, ज्याला बुद्धिबळात 'अमर डाव' म्हणतात, तो तिथलाच. मंत्र्यांची सभा, सिगारचा धूर आणि वजिराचा बळी : वजीर इथेही सुटला नाही.

या सगळ्या काळात आपल्याकडची माणसे बसत होती कशावर? जमिनीवर. पेशव्यांच्या दरबारात बैठक म्हणजे जाजम, त्यावर गादी, पाठीला लोड, हाताशी तक्क्या. १७९० च्या तहाचा दरबार दाखवणारे थॉमस डॅनियलचे प्रसिद्ध चित्र पाहिले, तर शनिवारवाड्यातली ती सभा खुर्चीवर भरलेली नाही. सामान्य घरात जाजमाऐवजी घोंगडी आणि गादीऐवजी वाकळ, पण रीत तीच. खाट किंवा बाज बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्यासाठी, नाहीतर अंगणात. एरवी रात्री पथारी पसरायची आणि सकाळी वळकटी करून कोपऱ्यात उभी करायची. आज छोट्या घरासाठी 'एका जागेचे अनेक उपयोग' म्हणून सल्ला दिला जातो, तो आपल्या आज्या-पणज्यांना कोणी द्यावा लागत नव्हता. त्यांच्या खोलीत दिवसा स्वयंपाक होई, दुपारी निवडण-टिपण, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री आठ माणसांची झोप. फर्निचर म्हणजे वळकटी, आणि ती शून्य चौरस फुटांत मावे.

मुंबईत मात्र एकाच वेळी दोन मुंबई सुरू झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सधन पारशी आणि पाठारे प्रभू घरांत नक्षीने भरलेले शिसवी फर्निचर आले. पाय सिंहाचे, पाठीवर वेलबुट्टी, आणि धूळ पुसायला एक माणूस. इंग्रजी डिव्हान आणि कोच याच दाराने आत आले. दुसरी मुंबई चाळीत राहत होती. १८९६ च्या प्लेगने तिची दाटी चव्हाट्यावर आणली, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९२० नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडीच्या चाळी उभ्या राहिल्या : २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. या खोलीत पहिल्यांदा जमिनीपासून उंच उठलेले आसन आले ते लोखंडी कॉटच्या रूपाने, आणि ती बसण्यासाठी नव्हती. ती होती खालच्या जागेसाठी. कॉटच्या पायांखाली चार विटा लावल्या की खाली गावाकडून आलेली पत्र्याची ट्रंक, तांदळाचा डबा आणि मोरीत न मावणारी घंगाळे सरकत. पुढून जुन्या लुगड्याचा पडदा सोडायचा. वर एक माणूस झोपे, खाली दोन. कॉटखालचा तो पडद्याआडचा काळोख, हाच माझ्या मते बॉक्सच्या दिवाणाचा खरा पूर्वज. तोपकापीचा राजवाडा नुसता नावाचा धनी. १९२३ मध्ये गोदरेजने पोलादी कपाटे करायला घेतली, आणि पुढे संसाराला पहिली मोठी खरेदी म्हणजे 'गोदरेज' असे समीकरण झाले. पण कपाटाला स्वतःची भिंत लागते, आणि दहा-बाराच्या खोलीत भिंती दोनच मोकळ्या असतात.

स्वातंत्र्यानंतर फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावण्यांचे नाव उल्हासनगर झाले. घर मागे टाकून आलेल्यांनी इतरांची घरे लावून देण्याचा धंदा तिथे जमवला, आणि कल्याण, डोंबिवली, अंबरनाथच्या कित्येक पिढ्यांचा पहिला पलंग उल्हासनगरहून टेम्पोत आला. १९६३ च्या कायद्याने 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द प्रतिष्ठित झाला. चाळीतली माणसे स्वतःच्या ब्लॉकमध्ये निघाली. ब्लॉकला हॉल होता, हॉलला काहीतरी हवे होते, आणि पैसे संपलेले होते. नेमकी भाच्याची स्थिती. तेव्हा घरी सुतार बसवण्याची पद्धत पडली. आणि इथे दिवाणाच्या अंगावरचे कातडे बदलले, त्याची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

सागवान म्हणजे ब्रह्मदेशचे, हे मुंबईच्या जुन्या घरांचे ब्रीद होते. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलांतून साग तोडून आणी. राजा थिबा याच्या दरबाराने लाकूड लपवून नेल्याबद्दल कंपनीला जबर दंड ठोठावला, इंग्रजांना निमित्त मिळाले, १८८५ मध्ये तिसरे ब्रह्मी युद्ध झाले आणि राज्य गमावलेला थिबा १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीत येऊन राहिला. १९१६ मध्ये तिथेच वारला. त्याचा राजवाडा आजही लोक बघायला जातात. सागासाठी एक राजा कोकणात येऊन पडला, आणि पुढे त्याच बॉम्बे बर्मा कंपनीच्या हाती आली सनमायका, म्हणजे ज्यांना साग परवडत नाही त्यांच्यासाठी प्लायवर चिकटवायचे सागाचे चित्र! हा पत्राही मुळात फर्निचरसाठी नव्हता. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत ओकॉनर आणि फेबर या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला कागदाचे थर राळेत दाबून एक पातळ फळी केली. अभ्रक म्हणजे 'मायका', त्याच्या 'ऐवजी' म्हणून ती 'फॉर्मायका'. तिच्या भारतीय जातभाईचे नाव आपण इतके उचलले की कुठल्याही कंपनीचा लॅमिनेट आपल्याला सनमायकाच. प्लायवूडही असेच दुसऱ्या कामातून आले : आसामच्या चहाच्या पेट्यांसाठी. आणि चिकटवण्यासाठी सुतार पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस शेगडीवर वितळवीत. घरात सुतार आला की दोन दिवस वास जात नसे, आणि सोवळ्यातली आजी स्वयंपाकघराचे दार लावून घेई. १९५९ पासून पांढरा फेविकॉल आला आणि सरसाची बुधली गेली. चहाची पेटी, विजेचे अभ्रक आणि पांढरा गोंद. या तिघांनी मिळून सागाचा दिवाण निम्म्याहून कमी पैशात करून दाखवला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याआधी हॉलमधले बसणे एकमेकांकडे तोंड करून असे. आता सगळ्यांची तोंडे एका भिंतीकडे वळली, आणि समोरच्या भिंतीला दिवाण लागला. सत्तर आणि ऐंशीची दशके हा दिवाणाचा सुवर्णकाळ. गल्लीतल्या गादीवाल्याने समोर बसून पिंजलेल्या कापसाची चार इंची गादी, वर सोलापुरी चादर, आणि दोन टोकांना दोन गोल लोड. पेशव्यांची बैठक एवढीच शिल्लक राहिली होती. या दिवाणाला बसायचे तंत्र होते : पाठ टेकायची तर मागे सरकावे लागे आणि मग पाय जमिनीला पुरत नसत, म्हणून पाहुणे काठावर अवघडून बसत आणि मुले मागे भिंतीला टेकून मांडी घालून. मुलगी बघायला आलेले लोक हमखास दिवाणावर, आणि मुलगी समोर खुर्चीवर. गादी उचलली की खाली प्लायची फळी. फळीला एक बोट जाईल एवढे गोल भोक. त्या भोकात बोट घालून फळी वर ओढायची, की डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर येई. आत काय नसे? पाहुण्यांच्या उशा, आजीच्या लुगड्याच्या गोधड्या, गणपतीचे घडीचे मखर, आकाशकंदिलाचा सांगाडा, लग्नात आलेली आणि कधीच न काढलेली पितळेची समई, जुने दिवाळी अंक, आणि तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीखाली, घराचा करारनामा आणि सोसायटीचा शेअर दाखला. पाहुणा बसलेला असताना नेमकी उशी लागली, तर तो उठेपर्यंत थांबावे लागे. दिवाणाची ही खोड अजून कोणाला दुरुस्त करता आलेली नाही.

मग लाकूड बदलले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. ईशान्येकडून येणारे लाकूड थांबले आणि तिथल्या प्लायवूड गिरण्यांची धुरांडी निवली. धंदा हरियाणातल्या यमुनानगरकडे आणि केरळातल्या पेरुंबावूरकडे सरकला. जंगलातल्या जुन्या झाडांऐवजी आता शेतात लावलेला पॉपलर आणि उत्पन्न थांबलेले रबराचे झाड प्लायमध्ये जाऊ लागले. भाच्याच्या दिवाणात जो एकोणीस एमएमचा प्लाय गेला, त्याचे झाड बहुधा उसाशेजारी किंवा गव्हाच्या बांधावर वाढलेले असणार.

या वाटेवर शेवटचा मुक्काम तुर्भ्याला. १९४३ मध्ये सतरा वर्षांच्या इंग्वार काम्प्राडने स्वीडनमध्ये सुरू केलेली आयकिया २०१८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला आणि १८ डिसेंबर २०२० रोजी नवी मुंबईत तुर्भ्याला पोहोचली. तिच्या यशाचे गमक सांगताना १९५६ मधला एक प्रसंग येतो : टेबल गाडीत मावेना म्हणून पाय काढले, आणि सुटे फर्निचर चपट्या खोक्यात विकण्याची कल्पना सुचली. पण या कल्पनेचा विसरलेला पूर्वज मुंबईकरांच्या ढुंगणाखाली शंभर वर्षे होता. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची जी चौदा नंबरची खुर्ची केली तिचे तुकडे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या छत्तीस खुर्च्या बसत. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाभोवती मस्का-पाव खाताना आपण ज्या खुर्चीवर बसलो, ती याच घराण्यातली. भाचा आणि सून एका रविवारी तुर्भ्याला जाऊनही आले. दोन पांढऱ्या कपाटिका पाहिल्या, दर पाहिले, तिथले स्वस्त आइस्क्रीम खाल्ले आणि एक चमच्यांचा स्टँड घेऊन परत आले. "तिथं दिवाणासारखं पण आहे," सून म्हणाली, "पण आपल्या भिंतीचं माप कुठे त्यांना माहीत!" तिची भिंत सहा फूट दोन इंच होती. पुढे डक्ट.

दिवाण चार दिवसांत झाला. फळीला गॅसचे दट्टे लावायचे का, असे मिस्त्रींनी विचारले. दट्ट्यांचे वेगळे पैसे होते, म्हणून फळी हातानेच उचलायची ठरली, आणि मिस्त्रींनी ड्रिलला गोल पाते लावून बोटाचे भोक पाडले. लॅमिनेट सागाचे नको, असे सुनेने ठामपणे सांगितले होते. तिने करडा निवडला. ताई आली तेव्हा तिने येताना दोन लोड आणले होते, चाळीतल्या दिवाणावरचे, अभ्रे नवे. मग तिने घराची फाइल मागितली : करारनामा, इंडेक्स टू, मुद्रांक शुल्काची पावती, बँकेचे मंजुरीपत्र, ताबापत्र. मुलगा म्हणाला, "आई, सगळं फोनमध्ये स्कॅन आहे." तिने उत्तर दिले नाही. जुन्या सुती साडीचा चौकोन कापून आणलेलाच होता, त्यात फाइल बांधली, गाठ मारली, आणि फळी उचलली. बॉक्स मिस्त्रींनी मधोमध आडव्या पट्टीने दोन भागांत विभागला होता. मालाचा तुकडा वाया घालवायची त्यांना सवय नसावी. पहिल्या दिवशी ज्या प्लायवर यादी केली होती, तोच तुकडा त्यांनी मापात कापून ती आडवी पट्टी म्हणून ठोकला होता. पेन्सिल पुसलेली नव्हती. ट्रॉल्या, वॉर्डरोब, सोफा, सगळ्यांवर रेघ, शेजारी आकडे, खाली दोनदा केलेली बेरीज. ताईने रुमाल त्याच्या डाव्या बाजूला ठेवला, वर दोन गोधड्या घातल्या आणि म्हणाली, "फळी सोड आता, बोट सांभाळ."